शेवळांसोबत काकडं

मेच्या अखेरीस वळवाची एखादी सर पडून गेली की डहाणू रोड स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांच्या पाट्यांत शेवळं दिसू लागतात. लांबट, जांभळट-तपकिरी, अर्धवट मिटलेल्या कळीसारखी, जुड्या बांधलेली. ओळख नसेल त्याला ही खायची वस्तू आहे हे पटतही नाही. जुडी उचलली की विकणारी बाई न विचारता मूठभर हिरवी आंबट काकडं पुढे करते. नको म्हटलं तर जरा संशयाने बघते. "घसा खाजेल, दादा." एवढंच बोलून काकडं पिशवीत टाकते.

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. पान यायच्या आधी, पावसाच्या तोंडावर तो जमिनीतून वर येतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला टोचतात ते हेच. काकडाच्या फळांचा आंबट रस घातला की खाज मरते. काकड हा पानझडी जंगलातला मोठा वृक्ष. एक जमिनीखाली दडलेला कंद, दुसरे पन्नास फुटांवर फांद्या पसरलेले झाड. दोघांचा हंगाम एकाच पंधरवड्यात येतो. चिंच किंवा आमसूल घालूनही भागते म्हणा, पण जाणकार त्याला नाक मुरडतात.

जैवविविधतेवर लिहायला बसले की पहिला मोह होतो तो आकड्यांचा. इतक्या जातींची झाडे, इतक्या जातींचे पक्षी, त्यातले इतके धोक्यात. हा शब्दच तसा नवा आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत वॉल्टर रोझेन यांनी 'बायोडायव्हर्सिटी' हा जोडशब्द चालवला, १९८६च्या वॉशिंग्टनमधल्या परिषदेने तो जगभर नेला, १९९२ मध्ये रिओ दी जानेरोत त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि आपल्याकडे २००२ मध्ये कायदा आला. शास्त्रज्ञ तिचे तीन थर सांगतात: एकाच जातीतले वाण, निरनिराळ्या जाती, आणि त्या जिथे एकत्र नांदतात त्या परिसंस्था. व्याख्या बरोबर आहे. मात्र तिच्यात शेवळं आणि काकड दोन स्वतंत्र नोंदी होतात. पाटीवाली बाई त्यांना एकच वाटा समजते. डहाणू-तलासरीचा आढावा घ्यायचा तर मला तिची पद्धत अधिक उपयोगाची वाटते.

पश्चिमेकडून पूर्वेला निघालात तर तासाभराच्या एसटी प्रवासात चार-पाच निरनिराळी जगे ओलांडता येतात. आधी समुद्र आणि ओहोटीला उघडा पडणारा खडक. मग खाडी, खाजण, तिवराची झाडी. मग चिकूच्या वाड्या, घोलवड-बोर्डीपासून नरपड-आगरपर्यंत. रेल्वे ओलांडली की भातखाचरे, गवताळ माळ, मधूनमधून ताड आणि मोह. चारोटीला महामार्ग लागतो आणि त्याच्या पलीकडे साग, ऐन, खैर, हेद, कळंब यांचे डोंगर सुरू होतात. तलासरीला समुद्राचा तुकडा मिळतो तो झाईला. बाकी तालुका माळ, डोंगर आणि पाडे. २०११च्या जनगणनेनुसार तलासरीत दहातली नऊ माणसे आदिवासी आहेत, डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी डोंगराकडे. मांगेला, माच्छी, भंडारी किनाऱ्याला. वाड्यांमध्ये इराणी आणि पारशी. माणसांचा हा पट्टाही निसर्गाच्या पट्ट्यासारखाच आहे, कडा एकमेकांत मिसळलेल्या.

या सगळ्या जगांवरून रोज रात्री एक प्राणी ये-जा करतो. फळे खाणारे मोठे वटवाघूळ.

बागायतदाराला ते चोर वाटते. चिकू झाडावर पिकू देत नाहीत, कडक असतानाच उतरवतात. त्यामुळे वटवाघळाच्या वाट्याला येतात ती उंच फांदीवर राहून गेलेली, नजरेतून सुटलेली फळे. तरी वाडीत त्याच्या नावाने बोटे मोडली जातात. तेच वटवाघूळ मार्च-एप्रिलमध्ये डोंगराकडे जाते. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटपतात. गोड पाकळ्यांसाठी वटवाघळे झुंबड करतात, त्यांच्या अंगाला लागून पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि पुढे फळे आली की बियाही त्यांच्यामार्फत लांब पडतात. मोहाची फुले वेचून वारली घर उन्हाळा काढते आणि बियांचे तेल गाळते. खाडीकाठची चिपीही रात्री उमलणारी. केसरांचा मोठा झुबका संध्याकाळी उघडतो, सकाळी चिखलात गळून पडतो. मधल्या अंधारात तिच्याकडे येतात पतंग आणि वटवाघळे. चिपीच्या एका जातीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. तिचे लग्न लावणाऱ्या प्राण्याला मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कावळे, उंदीर, घुशींबरोबर उपद्रवींच्या यादीत बसवले होते. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. पन्नास वर्षे लागली.

वाड्यांकडे जरा थांबून बघायला हवे, कारण डहाणूचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला चिकूच आठवतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेचे, इथे येऊन सव्वाशे वर्षे झाली असतील. त्याला इथे उभे केले ते इथल्याच एका नातेवाइकाने. चिकूचे कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. काही जण तिला रायण म्हणतात, काही रांजण. पिवळ्या, चिकट, गोड फळांचे हे सावकाश वाढणारे रानझाड चिकूच्याच कुळातले. पाण्याचा ताण ते सोसते, मुळे खोल जातात, आयुष्य दांडगे. म्हणजे आपण ज्याला घोलवडचा चिकू म्हणून खातो त्याचे धड परदेशी आणि पाय देशी. रानातली खिरणी संपत गेली तर रोपवाटिकेला चांगले बी कुठून मिळायचे, हा प्रश्न बागायतीचाच आहे. जंगलप्रेमाशी त्याचा संबंध जोडायची गरजही नाही.

आणि इथेच वाडीवाल्यांनाही थोडे ऐकवले पाहिजे. चिकूची वाडी हिरवी दिसते, सावली देते, पण ती जंगल नव्हे. बहुतेक झाडे कालीपत्ती या एकाच वाणाची आणि तीही कलमी, म्हणजे एकमेकांच्या नकला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चिकूचे बी पोखरणाऱ्या अळीने या पट्ट्यात धुमाकूळ घातला. फळ बाहेरून ठणठणीत, कापले की आत बी पोकळ आणि अळीने केलेली वाट. पावसाळ्यात बुरशीने फळगळ वेगळीच. एक झाड ज्या रोगाला बळी पडते त्याला शेजारचेही पडणार, कारण दोघांत फरकच नाही. मग फवारणी आली. चिकूच्या फुलांवर पराग नेण्याचे काम प्रामुख्याने फुलकिडे करतात असे आपल्याकडच्या अभ्यासांत आढळले आहे. डोळ्यांना जेमतेम दिसणारे, इतर पिकांत कीड म्हणून ओळखले जाणारे. अळीसाठी मारलेले औषध अळी आणि फुलकिडा यांच्यात भेद करत नाही. उत्पादन घटले की दोष कधी हवेला, कधी वीजकेंद्राच्या राखेला, कधी नशिबाला दिला जातो. त्यातले काही खरेही असेल. फुलात कोण राहत होते हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

वैविध्याने नेमके काय साधते, याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे डेव्हिड टिलमन यांनी केला. गवताळ जमिनीचे शेकडो वाफे, कुठे जाती कमी, कुठे जास्त. १९८८ मध्ये भीषण दुष्काळ पडला. कमी जातींच्या वाफ्यांत वाढ कोसळली. जास्त जातींच्या वाफ्यांत ती बरीच टिकली आणि पुढे लवकर सावरलीही. १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कारण साधे होते. वेगवेगळ्या गवतांचे सोसणे वेगवेगळे. एक माघार घेते तेव्हा दुसरे पुढे येते. आपल्याकडे जुना शेतकरी खाचराच्या उंच-सखल भागांत हळवे आणि गरवे भात वेगवेगळे लावायचा ते याच हिशोबाने. त्याला प्रयोगाचे नाव ठाऊक नव्हते, पण भुकेचे गणित ठाऊक होते.

गवताची गोष्ट निघाली आहे तर तलासरीचे गवत विसरता येणार नाही. झाडांच्या चर्चेत माळ नेहमी मागे पडतो. सरकारी कागदात तर तो 'पडीक'. याच पडीक जमिनीच्या गवतावर एकेकाळी मुंबईची घोडागाडी आणि गोठे चालत. ते गवत कापणाऱ्या वारल्यांच्या मजुरीवरून १९४५चा लढा पेटला. मे १९४५ मध्ये झरी गावच्या सभेत वेठबिगारी नाकारायचे ठरले, त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला, गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मधून मराठी वाचकाला हा लढा माहीत आहे. आपण तो मजुरीचा आणि माणुसकीचा लढा म्हणून वाचतो, आणि तो होताच. पण त्यातून हेही दिसते की इथे निसर्गसंपत्ती कोणाची हा प्रश्न तिच्या मोजदादीच्या आधी येतो. गवत होते, जंगल होते, सगळे हिरवेगार होते. आणि त्यात राहणारा माणूस वेठीला होता. जैवविविधतेच्या गोड चित्रांत ही आठवण खुपणारी आहे, म्हणून ती ठेवली पाहिजे.

वारली माणसाच्या जंगलज्ञानाबद्दल हल्ली फार हळवेपणाने लिहिले जाते. मला त्यातला व्यवहार जास्त आवडतो. तारपा घ्या. दुधीचा भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि जोडायला मेण. चार जीवांशिवाय हे वाद्य वाजत नाही, आणि भाताची कापणी झाल्याशिवाय त्याच्याभोवती नाच रंगत नाही. देवही असेच कामाचे: धान्याची कणसरी, पावसाचा नारनदेव, आणि वाघोबा. वाघोबाची दगडी वा लाकडी ठाणी पालघर-ठाणे-मुंबई उपनगराच्या रानात जागोजाग आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी १५०हून अधिक ठाणी नोंदवली गेली. आज या भागात वाघ नाही, वाघोबाचा मान बिबट्याला मिळतो. वाघबारशीला नैवेद्य द्यायचा आणि त्या बदल्यात गुरांना-माणसांना अभय मागायचे. करार पाळला गेला नाही तर बिबट्या शेळी उचलतो, तेव्हा लोक चिडतात, वन खात्याकडे भरपाईही मागतात. पण बिबट्या इथे असणारच, हे गृहीत धरलेले असते. ज्या प्रदेशात बिबट्या दिसताच 'पकडा, हलवा' म्हणतात तिथल्या माणसाने हे गृहीतक शांतपणे समजून घ्यावे. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रे जगभर गेली. डोंगराकडच्या या चित्रकाराच्या गाजलेल्या चित्रांत मासेमारीचे भलेमोठे जाळेही आहे. जंगलाचा माणूस समुद्राची वस्तू इतक्या प्रेमाने रंगवतो, याचे आश्चर्य बाहेरच्यांनाच वाटते.

आता खाली, चिखलाकडे. खाडीतला तिवर पान गाळतो. ते पान कुजते, त्याचा भुगा होतो, त्यावर जिवाणू वाढतात, आणि ओहोटीबरोबर हा सगळा काला समुद्रात जातो. त्यावर जगतो जवळा. जवळ्यावर बोंबील. बोंबील डोल जाळ्यात येतो, वलांडीच्या काठ्यांवर सुकतो आणि पावसाळ्यात डहाणूपासून दादरपर्यंतच्या घरांत भाजला जातो. म्हणजे सुक्या बोंबलाच्या वासात खाजणातल्या तिवराच्या पानाचा अंश असतो. कोळंबी, बोय, चिंबोरी यांची पिल्ले मुळांच्या जंजाळात वाढतात. मोठा मासा तिथे शिरू शकत नाही. वादळाचे पाणी तीच मुळे अडवतात. चिखलावर निवट्या उड्या मारत असतो आणि ओहोटीला बायका कालवे फोडत बसतात. त्यांची ती कमाई कुठल्याच मत्स्योत्पादनाच्या तक्त्यात नीट उतरत नाही.

वाढवण-वरोरकडचा किनारा वाळूचा कमी आणि खडकाचा जास्त. ओहोटीला हा कातळ उघडा पडतो, खळग्यांत पाणी साचते, कपारीत शेवंडी, खेकडे, शंख-शिंपले. समोरच्या पाण्याला मच्छीमार सोनेरी पट्टा म्हणतात ते घोळीमुळे, पापलेटामुळे. घोळीच्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात सोन्यासारखा भाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुरब्याच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळी मिळाल्या आणि लिलावात सव्वा कोटींहून जास्त रक्कम आली, तेव्हा देशभर बातमी झाली. त्या बातमीने आनंद झाला तसे पोटात गोळाही आला. इतक्या मोठ्या माशांचा थवा एका जाळ्यात येणे हे दर्याचे दान खरे, पण अंडी घालणारी पिढीही तीच. गुजरातने २०२३ मध्ये घोळीला राज्यमासा केले, महाराष्ट्राने त्याच वर्षी पापलेटाला. पापलेटाची पिल्ले मात्र बारीक आसाच्या जाळ्यांत येतच राहिली. अति झाले की काय होते ते मुंबईच्या समुद्राने दाखवले आहे: चपट्या शेवंडीची मासेमारी तिथे १९९४च्या सुमारास संपली आणि पुन्हा उभी राहिली नाही.

खडकावरच्या जीवांबद्दल एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून एका कातळावरचे तारामासे वेचून समुद्रात फेकायला सुरुवात केली. तारामासा तिसऱ्या-शिंपल्यांसारखे जीव खातो. तो नाहीसा होताच शिंपल्यांनी कातळ व्यापला, बाकीचे जीव हटले, आणि पंधरा जातींच्या जागी आठ उरल्या. एकही झाड तोडले नव्हते, पाणी बिघडवले नव्हते. एक प्राणी काढला होता. आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत हेच झाले, फक्त प्रयोग म्हणून नव्हे. गुरांच्या औषधातल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे मेली, जनावरांची मढी कुजत पडली. २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झाले. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले असा हिशोब दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. गिधाड जिवंत असताना त्याची किंमत कोणी लावली नव्हती.

पावसाळ्यात डहाणूच्या किनाऱ्याला कासवे लागतात. ऑलिव्ह रिडले जास्त, कधी हिरवे कासव, कधी हॉक्सबिल. जाळ्याच्या तुकड्यात अडकलेली, वल्हे कापले गेलेली, दमलेली. वन खाते आणि स्थानिक स्वयंसेवी संस्था मिळून इथे कासवांचे उपचार केंद्र चालवतात. कासव आल्याची खबर बहुतेकदा मच्छीमार देतात.

आता कायदा. डहाणूएवढा पर्यावरणाचा कायदा वाट्याला आलेला तालुका महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १९८०च्या दशकाच्या शेवटी खाडीकाठच्या पाणथळीत ५०० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र मंजूर झाले. नर्गिस इराणी, किटायून रुस्तम यांसारख्या स्थानिकांनी न्यायालयात धाव घेतली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वीजकेंद्राच्या विरोधातला दावा टिकला नाही, पण त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित केला: उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर, प्रदूषक उद्योगांना बंदी, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा. अंमलबजावणी होईना म्हणून 'सँक्चुअरी' नियतकालिकाचे संपादक बिट्टू सेहगल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले ते २०१९च्या जानेवारीत निधन होईपर्यंत. वीजकेंद्राला गंधकवायू रोखणारी यंत्रणा बसवायला या प्राधिकरणाने लावले. आदेश १९९९ चा, यंत्रणा सुरू झाली २००७ मध्ये. १९९८ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव नाकारला.

या इतिहासाकडे मी कृतज्ञतेने बघतो, पण त्यातल्या दोन गोष्टी टोचतात. एक, लढा सुरू झाला आणि बराच काळ चालला तो इंग्रजी कागदपत्रे हाताळू शकणाऱ्या वाडीवाल्यांच्या बळावर. डोंगराकडचा माणूस त्यात उशिरा आणि कमी दिसतो. दुसरे, तालुक्याची हद्द ही महसुलाची रेघ आहे. वरोळी नदीला, वाऱ्याला, घोळीला ती दिसत नाही. तलासरी रेघेबाहेर राहिली, पलीकडे उंबरगाव-वापीचे कारखाने.

आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत याच अरुंद पट्टीतून मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन अशा तीन समांतर रेघा गेल्या. प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम स्वतंत्र अहवालात तपासला गेला, जणू दुसरे दोन नाहीतच. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघर मिळून २१,९९७ कांदळझाडे तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. आधी मागणी ५३,४६७ झाडांची होती. बदल्यात पाचपट लागवडीची हमी आहे. पाचपट हा शब्द ऐकायला चांगला वाटतो. रोपे लागतील, काही जगतीलही. पण ज्या खाडीत जवळा वाढत होता तिथून दूरच्या चिखलात लावलेला तिवर पान गाळेल तो त्या दुसऱ्या खाडीत. या खाडीच्या बोंबलाला त्याचा काय उपयोग?

वाढवणचे तसेच. बंदराला उद्योग म्हणायचे की नाही यावर बरीच कागदी कुस्ती झाली. ३१ जुलै २०२३ रोजी, नव्या अध्यक्षांच्या काळात, प्राधिकरणाने संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांनी पायाभरणी केली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत, भरावाला दमणसमोरच्या समुद्रतळाची वाळू. बाजूने बोलणारे म्हणतात की जमीन जवळजवळ जात नाही, भराव पाण्यात आहे, खोल पाण्याचे असे ठिकाण देशात दुर्मिळ आहे, रोजगार येईल. यातले खोल पाण्याचे म्हणणे खरे आहे, आणि रोजगार नको असे म्हणणारा तरुण मला डहाणूत भेटलेला नाही. 'पाण्यात आहे म्हणजे कुणाच्या जागेत नाही' हे मात्र मला मान्य नाही. डोल ही जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. भिंतीने ओढ बदलली, गाळ कातळाच्या खळग्यांत बसला, तर तांडेलाची शेतजमीनच गेली. तिचा सातबारा नाही एवढाच फरक.

कायद्यात दुसरीही एक वाट आहे, कमी गाजलेली. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीचा आग्रह धरला तो गावाने स्वतःच्या शब्दांत लिहावी म्हणून. डहाणू-तलासरी पूर्ण अनुसूचित क्षेत्र. पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेच्या हातात बळही दिलेले आहे. बहुतेक ठिकाणी नोंदवही हरित न्यायाधिकरणाच्या मुदतीपायी घाईने, बाहेरच्या माणसांकडून भरून घेतली गेली, आणि याद्या तयार झाल्या: वृक्ष, वेली, रानभाज्या, मासे, पक्षी. शेवळं रानभाज्यांत जातात, काकड वृक्षांत. दोघांच्या मध्ये बरीच पाने.

मुंबईत शेवळांची मागणी वाढली आहे. दादरपासून वसईपर्यंत वाटे जातात, भाव मिळतो, पोरांच्या वह्या-पुस्तकांच्या दिवसांत बायकांच्या हाती रोख पैसा येतो. फुलोराच काढला की बी धरत नाही, पण कंद जमिनीत राहतो, पुढल्या वर्षी पुन्हा येतो. काकडाला तशी सोय नाही. ते झाड एकदा गेले की गेले.

गेल्या मे महिन्यात जुडी घेताना मी त्या बाईला विचारले की काकडं कुठल्या झाडाची. ती म्हणाली, तिच्या पाड्यावरचे झाड रस्त्याच्या कामात गेले. ही शेजारच्या पाड्याची, एका घराच्या बांधावरची. पैसे द्यावे लागतात का, विचारले. तर नाही. सकाळी निघताना त्या घरी शेवळांच्या दोन जुड्या ठेवून ती गाडीला आली होती.